फोटोखालची मजेशीर ओळ

...आणि वर मलाच म्हणतात, ‘सर, फोटोखाली काहीतरी मजेशीर लिहा!’ मजेशीर! मी! आता यात हसण्यासारखं काय आहे? नाही, तुम्ही हसलात, मी पाहिलं. बसा, बसा. सरका जरा, या बाकावर नीट बसलं तर सगळे मावतात, पण माणसं तिरकी बसतात, काटकोनात कुणी बसतच नाही. हल्ली संध्याकाळचा मी इथेच असतो, आमच्याच बिल्डिंगखाली, जिन्यासमोर, वर स्वतःचं घर असताना. का असतो, तेही सांगतो, पण क्रमाने सांगतो. मधली पायरी गाळून उडी मारलेली मला चालत नाही.

तर गणित शिकवतो मी. शाळेत. केस काळे होते तेव्हापासून शिकवतो. आणि माझं एक तत्त्व आहे, उत्तर बरोबर तर गुण, उत्तर चूक तर भोपळा, मधलं काही नाही. मुलं येतात हो, डोळ्यांत पाणी आणून येतात, ‘सर, सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत, शेवटी नुसती बेरीज चुकली, पायऱ्यांचे तरी गुण द्या ना!’ मी म्हणतो, बाळा, उद्या तू पूल बांधलास, खांब सगळे बरोबर आणि शेवटची फळी तेवढी विसरलास, तर लोक धपाधप नदीत पडत असताना खांबांचे गुण मागशील? मुलं रडतात. मग पालक येतात. पालकही रडतात. मी पाण्याचा ग्लास पुढे करतो, गुण पुढे करत नाही.

यावरून मुलांनी माझं नाव ठेवलंय. फ्रीज. मला ठाऊक नव्हतं, शिपाईमामांनी सांगितलं. मी विचारलं, ‘फ्रीज का?’ ते म्हणाले, ‘सर, तुम्ही दार उघडून आत आलात की वर्ग गार पडतो.’ मी म्हटलं, ‘उपमा चूक आहे. फ्रीजचं दार उघडलं की गारवा आतून बाहेर येतो. मी बाहेरून आत जातो.’ तर शिपाईमामा तोंडावर फडकं धरून निघूनच गेले. तुम्हीच सांगा, यात हसण्यासारखं काय आहे?

तर आमच्या शाळेत दरवर्षी शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाचं एक पुस्तक निघतं. मुख्याध्यापिकाबाई त्याला स्मरणिका म्हणतात, मुलं इयरबुक म्हणतात. प्रत्येकाचा फोटो आणि फोटोखाली एक ओळ. मुलं काय, मनाला येईल ते लिहितात, ‘मी गेल्यावर कॅन्टीनवाल्याचं कसं होणार’ वगैरे. शिक्षकांच्या फोटोखाली आजवर सुविचार असायचा. माझ्या फोटोखाली ‘सराव हाच गुरू’. दरवर्षी. फोटो तोच, ओळ तीच. कधी कुणाची तक्रार आली नाही. कुणी वाचतच नव्हतं म्हणून आली नाही, ते वेगळं. पण यंदा संपादक मंडळाने ठराव केला, शिक्षकांनीसुद्धा मजेशीर लिहायचं. आणि संपादक कोण? आमची कन्या. म्हणजे मी शिकवतो त्याच शाळेत, शेवटच्या वर्षाला.

तिने रीतसर नोटीस काढली. शिपाईमामा घेऊन आले स्टाफरूममध्ये. मी वाचली, लाल पेन काढलं, ‘मजेशीर’ या शब्दाखाली रेघ मारली, समासात लिहिलं, ‘व्याख्या द्या,’ आणि नोटीस परत पाठवली. शिपाईमामा वरच्या मजल्यावर जाऊन खाली आले. उत्तर होतं, ‘जे वाचून हसू येतं ते.’ मी लिहिलं, ‘कोणाला?’ शिपाईमामा पुन्हा वर. उत्तर, ‘कोणालाही.’ मी लिहिलं, ‘उदाहरणासह स्पष्ट करा.’ त्यानंतर शिपाईमामा आलेच नाहीत. बघायला गेलो तर जिन्यात बसले होते, एका हातात नोटीस, दुसऱ्या हाताने पोट धरलेलं. मला वाटलं कळ आली. तर हसत होते. जिन्यात बसून! एकटेच! आता त्या नोटिशीत हसण्यासारखं काय आहे?

बरं, हे शाळेत. संध्याकाळी घरी विषय निघाला. आता आमच्या घरचा एक नियम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. शाळेच्या आवारात मी सर आणि ती विद्यार्थिनी. बाबा-बिबा घरी. मीच तसं सांगून ठेवलंय, उगाच कुणी बोट दाखवायला नको. आणि पोरीने ते इतकं पाळलं, इतकं पाळलं, की कधी कधी घरीसुद्धा तोंडातून निघून जातं, ‘सर, पाणी आणू?’ मी दुरुस्त करत नाही. चुकून लागलेली शिस्त झाली तरी शिस्तच.

तर त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, ‘बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?’ मी म्हटलं, ‘प्रश्न ऐकल्याशिवाय उत्तर कसं देऊ?’ ती म्हणाली, ‘माझी एक तरी मैत्रीण आपल्या घरी आलेली आठवते तुम्हाला?’ म्हटलं, ‘आठवते की! वाढदिवसाला आल्या होत्या सगळ्या.’ ती म्हणाली, ‘त्यानंतर?’

आता त्या वाढदिवसाचं काय झालं होतं सांगतो, काहीही झालं नव्हतं. पोरी आल्या होत्या, केक मांडला होता, मेणबत्ती पेटवली होती. सगळ्या नुसत्या टकामका बघत उभ्या. मला वाटलं, पाहुण्या आहेत, संकोचल्यात, आपण यजमान, काहीतरी बोलायला हवं. म्हणून एकीला सहज विचारलं, ‘सतरा साते किती?’ ती म्हणाली, ‘एकशे सतरा.’ मी केक थांबवला. नाही, थांबवायलाच हवा! एकशे सतरावर केक कसा कापणार? दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं, चौथी टेबलाखाली गेली. शेवटी बरोबर उत्तर आलं, एकशे एकोणीस, तोवर मेणबत्ती आपली आपण संपून विझली होती. मग केक खाल्ला की सगळ्यांनी. गपचूप खाल्ला. एक कण सांडला नाही.

हे मी तिला सांगितलं तर ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, ‘त्यानंतर कुणी आलं नाही, बाबा. सगळ्या मिळून अभ्यास करायचा तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. आपल्याकडे यायचं म्हटलं की सगळ्या काहीतरी कारण काढतात. वर्गात काही गंमत चालली असली आणि मी आले की गप्प बसतात, मी घरी जाऊन सांगेन म्हणून. फ्रीजची मु...’ आणि तिने जीभ चावली. मी म्हटलं, ‘पूर्ण कर.’ ती म्हणाली, ‘आता शाळा संपलीच. सगळे कुठे कुठे जातील. पण हे पुस्तक प्रत्येकाच्या घरी राहणार. पानं उलटताना तुमचा फोटो आला की मुलं घाबरून पुढे जातात, बाबा. एकदाच तिथे थांबून हसू दे त्यांना. म्हणू दे, अरे, हिचे बाबा बरे आहेत की! एवढंच.’

तुम्हाला सांगतो, काय बोलावं ते शोधत मी खाकरलो. तर ती दचकून म्हणाली, ‘सॉरी सर.’

झालं! तिथेच ठरवलं. विनोद करायचा. त्यात काय एवढं? जगात माणसं करतात, आमचा मेहुणा करतो, म्हणजे अवघड नक्कीच नसणार. ही स्वयंपाकघरातून ओरडली, ‘अहो, तुम्ही काही करू नका, नुसते आहात तसे उभे राहा, लोकांना तेवढं पुरतं!’ पण मी लक्ष दिलं नाही. या बाईला लग्नापासून मी काही बोललो की स्वयंपाकघरातच काम निघतं. आत जाते, दार लोटून घेते, आणि आतून भांडी हलल्यासारखा आवाज येत राहतो. विचारलं तर म्हणते, ठसका लागला.

मेहुण्याला बोलावलं. म्हणजे हिचा भाऊ. आमच्या नात्यागोत्यातला हा अधिकृत विनोदी माणूस. याचा विनोद एकच, प्रत्येक कार्यात सांगतो, आणि सांगायच्या आधीच स्वतः हसून घेतो, म्हणजे निकाल आधी आणि पेपर नंतर. पण म्हटलं, अडला हरी... जाऊ द्या, मेहुणा आहे. आला, पाय पसरून बसला, म्हणाला, ‘भाऊजी, सोपं असतं हो! ऐका. एक माणूस असतो.’ मी कागद पुढे ओढला. ‘नाव?’ ‘कुणाचं?’ ‘माणसाचं.’ ‘नाव नसतं भाऊजी, विनोदातला माणूस आहे तो!’ ‘बरं, क्ष मानू. पुढे?’ ‘तो डॉक्टरकडे जातो.’ ‘कारण दिलंय?’ ‘अहो, तेच सांगतोय! डॉक्टर त्याला म्हणतात...’ आणि इथे मेहुण्याला हसू आवरेना. खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी, मांडीवर थापा. तुम्हाला सांगतो, आजवर तो विनोद इथून पुढे गेलेलाच नाही. डॉक्टर काय म्हणाले, क्षचं पुढे काय झालं, जगला की मेला, आमच्या घराण्यात कुणालाही माहीत नाही. मी म्हटलं, ‘पक्ष दिलास. साध्य दिलं नाहीस, सिद्धतेचा पत्ता नाही, आणि हसतोस कशाच्या आधारावर?’ मेहुणा थांबला. एकदम गंभीर झाला. विचारात पडला. ही म्हणाली, इतका गंभीर तो स्वतःच्या लग्नातसुद्धा दिसला नव्हता. जाताना दारात चपला घालताना म्हणतो, ‘भाऊजी, खरंच हो... डॉक्टर म्हणतात तरी काय?’ माणूस चांगला आहे, पण मूलभूत संकल्पना कच्च्या.

बरं, स्टाफरूममध्ये काय परिस्थिती? ड्रॉइंगच्या बाई आणि पीटीचे सर, दोघांनीही मोबाइलवरून ओळ उतरवली. एकच ओळ! शब्दनशब्द तीच! आणि दोघेही छातीला हात लावून म्हणतायत, ही माझी स्वतःची. मी उठलो, बाईंना खिडकीपाशी बसवलं, सरांना कपाटापाशी, मधे अंतर ठेवलं, आणि म्हटलं, ‘आता पुन्हा लिहा, स्वतःच्या मनाने.’ बसले हो, मुकाट्याने! पीटीचे सर तर हाताची घडी घालून बसले. बाकीचा स्टाफ फायलींमागे तोंडं लपवून हसतोय. कॉपी पकडली, यात हसण्यासारखं काय आहे?

मी म्हटलं, आपण उसनं काही घ्यायचं नाही. स्वतः रचायचं. अख्खा रविवार घालवला आणि रचला. ऐका. एक त्रिकोण दुसऱ्या त्रिकोणाला म्हणाला, ‘आपण दोघं किती सारखे आहोत!’ दुसरा म्हणाला, ‘सिद्ध कर.’ ...संपला. एवढाच आहे. मला स्वतःला हसू आलं नाही, पण स्वतःचा पेपर स्वतः तपासू नये. म्हणून ठरवलं, चाचणी घ्यायची. नववीचा वर्ग होता. फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिला, खाली रेघ मारली, वळलो, म्हटलं, ‘वाचा.’ सगळ्यांनी वाचला. म्हटलं, ‘हसू आलं तर हसा. सक्ती नाही.’

तर एकदम वह्या उघडल्याचा आवाज. सगळा वर्ग उतरवून घ्यायला लागला! एकाने विचारलं, ‘सर, आकृती काढायची का?’ दुसरी म्हणाली, ‘सर, हे परीक्षेला आहे?’ तिसरा शेजाऱ्याच्या वहीत बघून खोडतोय. मागच्या बाकावर एक हात वर झाला. मला वाटलं, आलं! एकाला तरी आलं! धावत गेलो हो बाकापर्यंत. ‘हसू येतंय?’ तो म्हणाला, ‘नाही सर, बाहेर जाऊन येऊ?’ आणि पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहून म्हणते, ‘सर, त्रिकोण एकरूप आहेत की समरूप, ते दिलेलं नाही. माहिती अपुरी आहे.’ आता मुद्दा बरोबर होता. पाठ थोपटली तिची आणि तास संपेपर्यंत दोन्ही बाजूंनी सिद्ध करून दाखवलं. फार रंगला तास. हसलं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पालक फाटकात उभे. ‘सर, आमचा मुलगा घरात फेऱ्या मारत पाठ करतोय, दुसरा म्हणाला सिद्ध कर, दुसरा म्हणाला सिद्ध कर. हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे हो? आम्हाला सापडत नाही.’ मी म्हटलं, ‘तो विनोद होता.’ गृहस्थ पांढरेफटक पडले. म्हणाले, ‘म्हणजे अभ्यासक्रम बदलला?’ मग मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं, खुर्ची दिली, हळू आवाजात म्हणाल्या, ‘सर, सगळं ठीक आहे ना? घरी वगैरे? हवी तर थोडे दिवस रजा घ्या.’ आजवर ताप अंगात घेऊन शिकवलेला माणूस मी, मला कुणी रजा सुचवली नाही, आणि एक विनोद केला तर रजा! तेही सहानुभूतीने!

आणि इकडे छपाईला द्यायचा दिवस येऊन ठेपला. त्या सकाळी कन्येने माझ्यापुढे चहा ठेवला. म्हणाली, ‘बाबा, राहू द्या आता. मी तुमची जुनीच ओळ टाकते. सराव हाच गुरू. चालेल. नाहीतरी...’ आणि वाक्य अर्धंच सोडून दप्तर उचललं आणि गेली.

नाहीतरी काय? नाहीतरी तुम्हाला जमणार नव्हतंच? नाहीतरी आता कोण येणार आहे आपल्या घरी? अहो, मी अर्ध्या उत्तराला कधी किंमत दिली नाही, पण हे अर्धं वाक्य चहाबरोबर गिळलं जाईना. विचारायचं धाडस झालं नाही. ज्याला बघून वर्गाची पाचावर धारण बसते तो मी, स्वतःच्या पोरीला ‘पूर्ण कर’ म्हणायला घाबरलो. घाबरलो म्हणजे घाबरलोच, त्याला दुसरा शब्द नाही.

शाळेत गेलो. मधला तास मोकळा होता. कोरा कागद घेऊन बसलो. आता कोरा पेपर मी जन्मात दिलेला नाही, विद्यार्थी होतो तेव्हाही नाही. आणि डोक्यात तर काहीच नाही, सगळा खडखडाट. मग म्हटलं, जे खरं आहे ते तरी लिहावं, निदान पोरीला कळावं की बाप नुसता हातावर हात ठेवून बसला नव्हता. म्हणून रीतसर लिहिलं. ‘प्रश्न : मजेशीर ओळ लिहा. उत्तर : पुष्कळ प्रयत्न केला. उत्तर आले नाही. पायऱ्या सोबत जोडल्या आहेत. कृपया पायऱ्यांचे तरी गुण द्यावेत, ही नम्र विनंती.’ खाली सही. आणि मागे सगळी कच्ची कामं टाचली, क्ष, डॉक्टर, दोन्ही त्रिकोण, आकृतीसकट.

आता मला सांगा... अहो, थांबा! पुरतं ऐकून तरी घ्या! हा अर्ज आहे. एका बापाने संपादकाला केलेला गंभीर अर्ज आहे. यात हसण्यासारखं काय आहे?

वर्गाबाहेर बोलावून तिच्या हातात दिला. तिने वाचला. चेहऱ्यावर रेष हलली नाही. चेहरा माझ्यावर गेलाय तिचा, एरंडेल प्यायल्यासारखा, आतलं बाहेर काही कळत नाही. पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, ‘विनंती मान्य आहे, सर,’ आणि वळून गेली. मला वाटलं, मिटलं. जुनी ओळ जाणार, आणि हा कागद कुठेतरी खणात पडणार.

पुस्तक वाटायचा दिवस. हॉल भरलेला, मुलं, पालक, शिक्षक, पंखे फुल्ल चालू. मी सवयीप्रमाणे मागे भिंतीला टेकून उभा. पुस्तकं वाटली, पानं फडफडायला लागली. आणि उजव्या कोपऱ्यातून फिस्स असा आवाज आला. माझे कान उभे राहिले. सवय हो, दुसरं काय! ‘कोण हसतंय? उभं राहा!’ तर एक नाही, अख्खी रांग उभी राहिली. सगळ्यांच्या हातात तेच पान, माझा फोटो, खाली तो अख्खा अर्ज सहीसकट, आणि दात बाहेर. मी म्हटलं, ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ झालं! दुसरी रांग गेली. ‘शांत बसा!’ तिसरी गेली. मी जो शब्द बोलीन त्यावर एकेक रांग कोसळतेय! शिपाईमामा दारालाच लटकले. मुख्याध्यापिकाबाई व्यासपीठावर माइकसमोर हसल्या, ते सगळीकडे घुमलं. एक पालक, चांगले मिशाबिशा असलेले, हे माझेच जुने विद्यार्थी, गर्दीतून वाट काढत आले आणि हात जोडून म्हणाले, ‘सर, मग आमच्या वेळच्या पायऱ्यांचं काय?’ मी म्हटलं, ‘पेपर घेऊन या, बघू.’ ते खुर्ची शोधायला लागले, उभं राहवेना त्यांना.

आणि मी बघतोय कुणाकडे? पोरीकडे. जिच्यासाठी हे सगळं केलं, तिने हसायला नको का? सगळा हॉल लोळतोय, आणि ती पुस्तकांच्या गठ्ठ्यापाशी उभी, एकटी, डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हटलं, गेलं मुसळ केरात! पोरीचं हसं केलं आपण, सगळ्या गावासमोर केलं. ढकलत ढकलत गेलो. म्हटलं, ‘काय चुकलं?’ ती मान हलवून म्हणाली, ‘काही नाही, बाबा.’

शाळेच्या आवारात! युनिफॉर्ममध्ये! सगळ्यांसमोर, मोठ्याने, बाबा! नियम आहे हो आमचा. आणि मी दुरुस्त केलं नाही. करायचंच नव्हतं. खरं सांगू? मलाही रडू आलं. चांगलं सरळ आलं, सगळ्यांदेखत, रुमालही सापडला नाही. तेवढ्यात तिच्या वर्गातल्या दोघी-तिघी धावत आल्या, तिच्या गळ्यात पडल्या, आणि एक जण म्हणते, ‘ए, तुझे बाबा घरी पण असेच असतात? आम्ही येऊ तुझ्याकडे?’

इथपर्यंत सगळं उत्तम. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पोरींनी विचारलं ते खरोखर विचारलं होतं! त्या आल्या. दुसऱ्याच दिवशी आल्या. तिसऱ्या दिवशी मुलंही आली. आता रोज येतात. शाळा संपलीये, कामधंदा नाही, आणि सगळ्या गावात यांना बसायला जागा एकच, माझा सोफा! त्यावर बसतात, त्याच्या हातांवर बसतात, पाठीवर बसतात. मी परवा मधल्या खोलीतून म्हटलं, ‘जरा हळू बोला,’ तर टाळ्या पडल्या. मग मी रागावलो. खराखुरा रागावलो, ज्याने पालक रडायचे तसा. तर एक जण शेजारणीला म्हणतो, ‘बघ बघ, चेहरा बघ, अजिबात हसत नाहीत स्वतः!’ अहो, मी हसत नाही कारण मला हसू येत नाहीये! सतरा साते विचारलं, म्हटलं आता तरी उठतील. तर सगळे एका सुरात ‘एकशे सतरा!’ म्हणून ओरडले आणि केक मागायला लागले. आणि ही, ही माझी बायको, हल्ली स्वयंपाकघराचं दारसुद्धा लोटून घेत नाही. उंबऱ्यात उभी राहून सर्रास ठसका लागतो तिला.

आयुष्यभर घासून घासून जमवलेला दरारा हो, एका अर्जात गेला! आता मी कुणाला काय म्हणू, कुणावर ओरडू? ...ऐकलंत? गॅलरीतून हाक आली. ‘बाबा, वर या ना! सगळे वाट बघतायत, काहीतरी बोला म्हणतात!’ आता मी काय बोलणार? काय आहे माझ्याकडे बोलायला? ‘काहीही बोला!’ म्हणते. ऐका. काहीही! व्याख्या नाही, उदाहरण नाही, काहीही.

जातो. नाही नाही, हौस म्हणून नाही. इलाज नाही हो. या बाकावर बसून बसून पाठ पार मोडून आली, आणि वर नुसता उभा राहिलो तर कुणी हलत नाही. एक वाक्य बोललं की हसता हसता सरकतात, मग टेकायला जागा मिळते.